दोन दिवसांची मुंबई: खारघरच्या मावशीचा कानमंत्र

अगं पोरी, नांदेड-पनवेल गाडीची तिकिटं काढलीस, बरं केलंस. जावईबापूंनी पाठवलेली यादीही वाचली: गेटवे, घारापुरी, राणीबाग, म्युझियम, हाजी अली, सिद्धिविनायक, बाणगंगा, चौपाटी, जुहू, आणि वर ‘वेळ उरला तर कान्हेरी’. यादी उत्तम आहे. आठवडाभर पुरेल. तुम्ही येताय दोन दिवस.

एवढं ध्यानात घे की मुंबई हे मुळात सात बेटांचं गाव: मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम, कुलाबा आणि धाकटा कुलाबा. मधल्या खाड्या बुजवल्या, पूल बांधले, तरी बेटाचा स्वभाव गेलेला नाही. आत शिरायला मोजकेच रस्ते, मोजकेच रूळ, आणि बाकी सगळीकडून पाणी. रुळांची वेळ आणि पाण्याची वेळ, ही दोन वेळापत्रकं जिने सांभाळली तिला मुंबई दोन दिवसांतही पोटभर दिसते. खालचे कानमंत्र त्याच दोन वेळापत्रकांचे आहेत. गाडीत बसलीस की वाच, आणि जावईबापूंनाही वाचायला दे.

निघण्याआधी

१. दिवसाला एक मोठं ठिकाण आणि एक छोटं, एवढंच ठरव — दहा ठिकाणं धरणारा दहा दारं बघून येतो.

२. आधी वार बघ, मग बेत कर. सोमवारी घारापुरीची लेणी बंद, बुधवारी राणीबाग आणि तिथलंच भाऊ दाजी लाड संग्रहालय बंद — कुलपाचा फोटो काढायला नांदेडहून यायला नको.

३. रविवारी फिरायचं असेल तर शनिवारीच मेगाब्लॉकची बातमी बघून ठेव. आमच्या हार्बर लाइनवर ब्लॉक असला की दुपारचे चार-पाच तास गाड्या बंद असतात, म्हणून सकाळी लवकर जायचं आणि संध्याकाळीच परतायचं — मध्ये अडकलीस तर ठाण्यावरून वळसा घालत यावं लागतं.

४. कॅलेंडरात तिथी बघ आणि तिच्या आकड्याला पाऊणने गुण, पूर्ण भरतीची वेळ हाती येते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि मध्ये बाराच्या सुमारास ओहोटी — गोदावरी तिथी विचारून येत नाही, समुद्र मात्र तिथी बघूनच येतो.

५. जुनी, पायात रुळलेली चप्पल किंवा बूट घाल, नव्याचं उद्घाटन इथे नको — टाचेला फोड आला की समोरचं ताजमहाल हॉटेलही दिसत नाही, फक्त बसायचा कठडा दिसतो.

६. दोघांत मिळून एकच पाठपिशवी घ्या: पाणी, टोप्या, पॉवर बँक आणि तुमच्या लेकराच्या, पिल्लूच्या, कपड्यांचा एक जोड. गर्दीत ती पाठीवरून पोटावर घ्यायची — पाठीवरची पिशवी अर्धी लोकांची असते.

७. पिल्लूच्या खिशात तुमचे दोघांचे नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेव — फोन बंद पडतो, कागद पडत नाही.

८. लोकलचं तिकीट सकाळीच जाता-येताचं काढ, ॲपवर काढ नाहीतर खिडकीवर — संध्याकाळच्या रांगेत पाय दुखतात आणि नवरा-बायकोचं भांडणही तिथेच होतं.

लोकलमध्ये

९. खारघरहून सीएसएमटीला साधारण सव्वा तास लागतो, आणि हार्बरची गाडी प्रत्येक स्टेशनला थांबते. ‘फास्ट कधी आहे?’ असं फलाटावर विचारू नकोस — लोक सांगणार काहीच नाहीत, गालातल्या गालात हसतील.

१०. गाडी आली म्हणून चढायचं नाही, पाटी वाचून चढायचं. आमच्या फलाटावर सीएसएमटीची गाडी येते तशी ठाण्याचीही येते — दोघी जुईनगरपर्यंत गुण्यागोविंदाने जातात, मग एक तुर्भ्याकडे वळते आणि तुझं गेटवे वाशीकडेच राहतं.

११. सकाळी सातच्या आत निघ, नाहीतर सरळ अकराला — मधली वेळ नोकरदारांची. त्यांना पोचायचं असतं, आपल्याला बघायचं असतं. दोघांनी एका दारात कशाला झुंजायचं?

१२. बसूनच जायचं असेल तर उत्सव चौकातून मेट्रोने बेलापूरला जा. नोव्हेंबर २०२३ पासून ही मेट्रो धावते आहे, आणि बेलापूरहूनच सुटणारी लोकल रिकामी मिळते — दहा मिनिटं जास्त मोजली की तासभराची जागा मिळते.

१३. तू लेडीजमध्ये आणि जावईबापू जनरलमध्ये चढलात, तर कुठे उतरायचं आणि कुठल्या खुणेपाशी भेटायचं हे चढण्याआधी ठरवा — गर्दीत फोन लागतो, पण कुणाला कुणाचं ऐकू येत नाही.

१४. वाशी गेली की पिल्लूला खिडकीशी बसव, ठाण्याची खाडी लागते. हिवाळ्यापासून मेपर्यंत आलात आणि ओहोटी असली, तर चिखलावर गुलाबी ठिपके दिसतील, ते फ्लेमिंगो — खिडकीतूनच बघायचे, दारात लोंबकळून नाही.

१५. गाडी घेऊनच जायचा जावईबापूंचा हट्ट असेल, तर जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू आहे, तो थेट शिवडीला उतरवतो. टोल भरावा लागतो आणि पुलावर थांबून फोटो काढायला बंदी आहे. आणि पूल कितीही वेगाने पार करा, फोर्टात गाडी लावायला जागा शोधण्यात वाचलेली वेळ परत जाते — म्हणून सांगते, लोकल बरी. बेलापूर-खारघरकडून सेतूवरून जाणाऱ्या बसही आहेत, पण फेऱ्या मोजक्या, चौकशी करून निघा.

बोट आणि बेट

१६. घारापुरीला जायचा दिवस असेल तर सातची लोकल धर, म्हणजे गेटवेवरून नऊच्या सुमाराची पहिली बोट मिळेल — पहिली बोट देवाची, शेवटची बोट दैवाची.

१७. हे बेट आहे आपल्याच रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात. पण बोट धरायला आपण जिल्हा ओलांडून मुंबईला जायचं. जावईबापू नकाशा काढून वाद घालतील, घालू दे — नकाशावरचं जवळ आणि पाण्यावरचं जवळ वेगळं असतं.

१८. बोटीत बसल्याबरोबर लाईफ जॅकेट घाल, पिल्लूच्या अंगाला नीट बसतं का बघ, आणि ‘उकडतंय’ ही सबब ऐकू नकोस. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि माणसं गेली — आपण नीट बसलो म्हणजे पाण्यावरचे सगळेच नीट चालवतात असं नाही.

१९. प्रवास तासाभराचा आहे. तुला बस लागते हे जगजाहीर आहे, म्हणून हलकं खाऊन जा आणि खाली, बोटीच्या मध्यावर बस — मध्यावर हेलकावे कमी. वरच्या मजल्यावर बसायचे वेगळे पैसे घेतात, ऊन तेवढं फुकट मिळतं.

२०. बोटीत चढण्याआधी सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन या, ‘मला नाही आली’ म्हणणाऱ्यानेही — पिल्लूला नेमकी भर समुद्रात येते.

२१. बेटावर पाय ठेवलास की पहिला प्रश्न, परतीची शेवटची बोट कितीची? ती साधारण साडेपाचच्या आसपास असते. तू तिच्या आधीची बोट आपली धर — पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही, आणि शेवटच्या बोटीला सगळं बेट एकदम धावतं.

२२. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, तिथून पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं. खरेदी करायचीच तर उतरताना कर — चढताना घेतलेला दगडी हत्ती जावईबापूंनाच वर न्यावा लागतो.

२३. खाऊ पिशवीच्या तळाशी ठेव, हातात बिस्किटाचा पुडा दिसू देऊ नकोस, आणि माकडाने ओढलाच तर सोडून दे — पुडा वीस रुपयांचा, ओरखड्याचं इंजेक्शन महाग.

२४. मोठ्या लेण्यात शिरल्याबरोबर फोन काढू नका. दोन मिनिटं गप्प उभे राहा, डोळे अंधाराला सरावले की समोरच्या भिंतीतले वीस फुटांच्या आसपास उंचीचे सदाशिव हळूहळू पुढे येतात. लोक त्रिमूर्ती म्हणतात, पण ती तिन्ही मुखं शिवाचीच: डावीकडे उग्र अघोर, उजवीकडे कोमल वामदेव, मधोमध शांत तत्पुरुष — हे माहीत असलं की बघायला पाच मिनिटांऐवजी अर्धा तास लागतो, आणि तो लागलाच पाहिजे.

२५. बाहेर येऊन तुटलेले खांब, झिजलेले हात बघून हळहळशील. बोट मात्र कुठल्याही मूर्तीला लावू नकोस, पिल्लूलाही लावू देऊ नकोस — हे जपावं म्हणून १९८७ साली जागतिक वारसा यादीत नाव गेलं. आपल्या बोटांचा घाम त्या यादीला कळत नाही.

२६. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी बेटाला ‘एलिफंटा’ नाव दिलं, तो बेटावर शोधू नकोस. १८६४ मध्ये विलायतेला न्यायच्या खटपटीत तो कोसळून फुटला. पुन्हा जोडलेला हत्ती आज राणीबागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभा आहे — दुसऱ्या दिवशी तिकडे गेलात तर पिल्लूला म्हणावं, कालच्या बेटाचा मालक इथे राहतो.

२७. गावातल्या बाईकडून काकडी, कैरी घेताना पाच रुपयांसाठी हुज्जत घालू नकोस. मुंबईचे दिवे रोज समोर दिसत असताना या बेटावर समुद्राखालच्या केबलने कायमची वीज आली ती २०१८ मध्ये — इतकी वर्षं थांबलेल्यांशी आपण पाच मिनिटं नीट बोलावं.

फोर्टात पायी

२८. शहरात रिक्षा शोधू नका. सायन आणि माहीम ओलांडलं की रिक्षा संपते. काळी-पिवळी टॅक्सी मीटरने, बेस्टची बस, किंवा ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत जाणारी भुयारी मेट्रो, हे तिघे तुमचे सोबती — टॅक्सीत बसताना मीटर पाडला का बघ, उतरताना बघून उपयोग नाही.

२९. सीएसएमटीला उतरून तशीच पळू नकोस. रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला उभी राहा आणि मागे वळून बघ: एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने उभारलेली, १८८८ मध्ये पुरी झालेली ही इमारत २००४ पासून वारसा यादीत आहे — रोज लाखो माणसं तिच्या पोटातून जातात आणि तोंड बघायचं विसरतात.

३०. तिथून हुतात्मा चौक, राजाबाई टॉवर, ओव्हल मैदान, काळा घोडा, म्युझियम आणि गेटवे, अशी सरळ पायवाट धर. ओव्हलच्या मधोमध थांब: एका बाजूला गॉथिक मनोरे, दुसऱ्या बाजूला १९३०च्या सुमाराच्या आर्ट डेको इमारती, दोन्ही २०१८ पासून वारसा यादीत — एकाच ठिकाणी उभं राहून नुसती मान फिरवायची, तिकीट नाही.

३१. इमारती सकाळी, म्युझियम दुपारी — ऊन रस्त्यावर असताना आपण आत असावं. आणि छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात सगळी दालनं नकोत. दोन-तीन निवड, नाहीतर पिल्लू चौथ्या दालनात फरशीवर लोळण घेईल.

३२. गेटवेची कमान १९२४ मध्ये पुरी झाली, इंग्रज राजाच्या स्वागताची आठवण म्हणून. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीतून बाहेर गेली. हे पिल्लूला तिथेच उभं करून सांग — पुस्तकातलं पाठ करावं लागतं, जागेवरचं आपोआप राहतं.

३३. फोटोवाला, फुगेवाला, आपणहून गाईड झालेला, कुणीही असो, आधी भाव ठरव. नको असेल तर हसून एकदाच ‘नको’ म्हण आणि चालू लाग — लाजत काढलेला फोटो सगळ्यात महाग पडतो.

३४. ससून डॉकवर मासळी बघायला पहाटे गेलीस तर घट्ट पकडीचे बूट घाल, वाट सोडून बाजूला उभी राहा, आणि कोळणीचा फोटो तिला विचारल्याशिवाय काढू नकोस — तिचा तो कामाचा वेळ आहे, तुझी सहल नाही.

पाण्याकाठी

३५. हाजी अलीला जायचं तर ओहोटी साधून जा. भरतीला दर्ग्याकडे जाणारी वाट पाण्याखाली जाते — तिथीचं गणित करायला लावलं ते याचसाठी. गुरुवार-शुक्रवारी गर्दी जास्त.

३६. मरीन ड्राइव्हला कठड्यावर बसायचं, खालच्या सिमेंटच्या टेट्रापॉडवर उतरायचं नाही. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका आधी जाहीर करते, त्या दिवशी कठडाही नको — लाट लांबून ओळखीची वाटते, जवळ आली की नाव विचारत नाही.

पोटोबा

३७. भूक लागण्याआधी जेवा. बाराला मिळणारं टेबल दीडला मिळत नाही. बॅलार्ड इस्टेटमधलं इराणी ‘ब्रिटानिया’ फक्त दुपारचंच असतं, धोबीतलावजवळ १९०४ पासूनच्या ‘कयानी’त बनमस्का आणि मावा केक खा — जावईबापू उपाशी असले की त्यांना इतिहास दिसत नाही, फक्त पाट्या दिसतात.

३८. सीएसएमटीसमोर ‘आराम’चा वडापाव घ्यायचा तो परतीच्या आधी, फलाटावर जाण्यापूर्वी — चालत्या गाडीत चटणी दुसऱ्याच्या शर्टावर जाते. आणि पाण्याची बाटली प्रत्येक ठिकाणी भरून घे. रिकामी बाटली म्हणजे पुढचं भांडण.

परत येताना

३९. सीएसएमटीला हार्बरच्या गाड्या एक आणि दोन नंबरच्या फलाटावर लागतात, पण तिथूनच गोरेगावचीही सुटते. ‘पनवेल’ वाचूनच बस — दमलेल्या डोळ्यांना सगळ्या लोकल घरीच जातात असं वाटतं.

४०. साडेपाच ते साडेआठ या वेळात परतू नकोस. तेवढा वेळ मरीन ड्राइव्हला सूर्यास्त बघत काढ आणि मग आरामात नऊची धर. पण शेवटच्या लोकलवर विसंबू नकोस — शेवटची चुकली की घर गाठायला दुसऱ्या दिवसाचं बजेट लागतं.

४१. घरी लवकर पोचलात तर सेंट्रल पार्कला एक फेरी मारू. पावसाळा असला की पांडवकड्याचा धबधबा लांबूनच बघायचा, पाण्यात उतरायचं नाही — बंदी आहे, आणि ती बंदी माणसं गेल्यानंतरची आहे.

  

एवढं सगळं पाळायला दोन दिवस कमी पडतील, हे मलाही कळतं. निम्मं पाळलंस तरी पुरे. बाणगंगा, सिद्धिविनायक, जुहू आणि कान्हेरी पुढच्या खेपेला ठेव. त्या निमित्ताने पुन्हा येशील. आणि कुठे चुकलंच, गाडी ठाण्याला गेली, बोट सुटली, तर लाजू नकोस, सरळ फोन कर. आधी दोन मिनिटं बोलून घेईन, मग रस्ता सांगेन.